येळवशीच्या आधीचा ताप

अक्काच्या मानेतून निघालेल्या नळीला दोन तोंडं होती. एकावर लाल झाकण, दुसऱ्यावर निळं. लाल तोंडातून तिचं रक्त डायलिसिसच्या यंत्रात जायचं आणि निळ्यातून धुऊन परत यायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी, चार-चार तास. उरलेल्या वेळात ती दोन्ही तोंडं उजव्या कानाखाली लोंबत असायची आणि अक्का त्यांच्यावर पदर ओढून माझ्या लातूरच्या घरात वावरायची.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. तिचं सासर किल्लारीच्या पलीकडे एका खेड्यात. साखरेच्या आजारानं तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली, म्हणून दिवाळीपासून ती माझ्याकडे होती. डाव्या मनगटात छोटं ऑपरेशन करून शीर धमनीला जोडलेली होती. ती शीर जाड झाली की तिथूनच सुया लावता येणार होत्या आणि मानेतली नळी निघणार होती. "संक्रांतीनंतर काढू," असं डॉक्टर म्हणाले होते. आमच्या घरातलं सगळं तेव्हा संक्रांतीकडे डोळे लावून बसलेलं होतं. तोवर नळी नीट राहिली की झालं.

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला येणं टाळता येत नाही. न आलेल्याचं नाव पुढं वर्षभर निघतं. त्यामुळे गावाकडून बाया यायच्या, बिस्किटाचा पुडा अक्काच्या उशाशी ठेवायच्या आणि हळूच म्हणायच्या, "दाखव की गं." अक्का पदर बाजूला करायची.

"ह्यो लाल नळ गरम पाण्याचा," ती सांगायची, "अन् निळा थंडाचा. आंघोळीला बसतीस का?"

बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एखादी वाकून अगदी जवळून बघायची. मी दारातून म्हणायचो, "हात लावू नका." अक्का म्हणायची, "आलं बघा आमचं सरकारी परिपत्रक."

परिपत्रक मी भिंतीवर लावलेलंच होतं. डायलिसिस केंद्रातून मिळालेला सूचनांचा कागद, कॅलेंडरच्या शेजारी. पट्टी भिजू देऊ नये. झाकणं उघडू नयेत. या नळीतून डायलिसिसशिवाय काहीही देऊ अथवा घेऊ नये. आणि सर्वांत खाली, जाड अक्षरांत: थंडी वाजून ताप आल्यास ताबडतोब रुग्णालयात यावे. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. छापलेल्या मजकुरावर माझा विश्वास बसतो. तो कागद मी इतक्या वेळा वाचला होता की त्यातल्या ओळी कुठं मोडतात तेही मला पाठ होतं.

आणि माझ्याकडे एक डबा होता. फरसाणाचा, पत्र्याचा. घरात कुणाचंही दुखणं सरल्यावर ज्या गोळ्या उरत, त्या मी त्यात ठेवत असे. प्रत्येक पाकिटाला कागदाची पट्टी, पट्टीवर नाव, कशासाठी दिली होती, केव्हा संपते. घशाच्या एकीकडे, पोटाच्या एकीकडे, तापाच्या एकीकडे. मुदत संपलेली गोळी मी कधी ठेवली नाही. गल्लीतले लोक यायचे, "सर, पोराचा घसा धरलाय, बघा काही असलं तर," आणि मी चष्मा लावून डबा उघडायचो. गावी गेलो की तिथंही हेच. पाच दिवसांच्या गोळ्यांतल्या दोन दिवसांच्या खाऊन लोकांना बरं वाटायचं आणि उरलेल्या तीन दिवसांच्या माझ्याकडे परत यायच्या, पुढच्या कुणासाठी तरी. हे मी सेवा म्हणून करत होतो. मला त्याचा थोडा अभिमानही होता. आता ते लिहिताना हात थांबतो, पण होता.

त्या वर्षी येळवस रविवारी आली. आमच्या भागाबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं: मार्गशीर्षातल्या अवसेला आमच्याकडे सगळा गाव रानात जातो. लातूर शहरसुद्धा त्या दिवशी ओस पडतं. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आत पाच दगड मांडून पूजायचे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, भाकरी, आंबील खायची. अक्कानं लग्न झाल्यापासून एकही येळवस चुकवली नव्हती. भज्जीत कोणत्या शेंगा किती, हे तिच्या सुनांना अजून ती हाताच्या मापानं सांगायची. "मी न्हाई गेले तर ते पिठलं करून ठेवतेत," ती म्हणायची, "अन् त्यालाच भज्जी म्हणतेत."

शुक्रवारी डायलिसिस करून आम्ही दुपारी घरी आलो. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून माझ्याशी बोलत होती आणि बोलता बोलता तिचे दात वाजायला लागले. मी तिला धरून खाटेवर आणलं. दोन गोधड्या घातल्या, त्यावर माझी शाल घातली. खाट हलत होती. ताप एकशेतीनच्या वर होता.

मी भिंतीकडे बघितलं. मी बघितलं हे तिनं बघितलं.

"तो कागद वाचू नकोस आता," ती म्हणाली.

"अक्का, जावं लागतंय."

"गेलं की ठेवून घेतेत. येळवस तिथंच जाती माझी." तिला एकेक शब्द दातांच्या मधून काढावा लागत होता. "दोन दिवस दाबून धर की. मंगळवारी जायचंच हाय तिथं."

"कागदावर ताबडतोब लिहिलंय."

"लिहायला काय लागतंय? तुझ्या डब्यात न्हाई का काही? गावाला वाटतोस, अन् बहिणीला न्हाई?"

मी डबा काढला.

एक गोळी तापाची दिली आणि एक अँटिबायोटिक. दीड-दोन तासांत तिला घाम फुटला, ताप उतरला, ती उठून बसली आणि म्हणाली, "झालं की. एवढ्यासाठी त्या पोरीला फोन करणार व्हतास." पोरगी म्हणजे तिची मुलगी, माझी भाची. नांदेडला एका दवाखान्यात आयसीयूत नर्स आहे. मी तिला फोन केला नाही. शनिवारी दुपारी अंग पुन्हा कोमट झालं. एकीनं भागत नाही असं वाटून मी दुसऱ्या प्रकारची गोळीही सुरू केली. रविवारी सकाळी निघण्यापूर्वी दोन्ही दिल्या.

रानात ती छान होती. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढं मी याच गोष्टीचा आधार घेत राहिलो. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, बांधावर तिच्यासाठी खुर्ची मांडली होती. तिनं खुर्ची सुनेला दिली आणि स्वतः कोपेपाशी पटकूर टाकून बसली. तिला पाणी मोजून प्यायचं होतं, म्हणून आंबील तिनं वाटीच्या तळापुरती घेतली आणि बोटानं चाटली. माणसं 'ओलगे ओलगे' म्हणत पिकातून आंबील शिंपडत फिरली. उन्हानं तिच्या मानेवरच्या पट्टीची कड सुटली होती. ती तिनं अंगठ्यानं दाबून बसवली, जशी पोराच्या वहीचं कव्हर बसवावं तशी. मी ते पाहिलं.

"आणलास, बरं केलास," दाजी मला म्हणाले. "ती नसली की रान भकास वाटतंय."

मंगळवारी केंद्रात तिला यंत्राला जोडून अर्धा तास झाला आणि तीच थंडी पुन्हा आली. या वेळी ती बोलू शकत नव्हती. डोळे उघडे होते आणि सगळं अंग उडत होतं. यंत्र थांबवलं. डॉक्टर आले. तरुण माणूस, मला ओळखणारा. त्याची बहीण आमच्या महाविद्यालयात होती.

"सर, ताप आजच आला?"

"आजच."

"घरी काही अँटिबायोटिक वगैरे दिलं नाही ना? तुम्हाला विचारायची गरज नाही खरं तर. बाकीच्यांना विचारावं लागतं."

खोलीत आणखी चार खाटा होत्या. प्रत्येकीशेजारी कुणी ना कुणी नातेवाईक बसलेला होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणालो.

अक्का मान वळवून माझ्याकडे बघत होती. मग तिनं छताकडे बघितलं.

तिचं रक्त तपासायला पाठवलं. त्यात जंतू वाढतात का, हे कळायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर अंदाजानं सलाईनमधून औषध सुरू केलं. नळी तशीच ठेवली, कारण मनगटातली शीर अजून तयार नव्हती आणि डायलिसिसला दुसरी वाट नव्हती. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: कोणतेही जंतू वाढले नाहीत. मी तो कागद हातात धरून व्हरांड्यात उभा होतो आणि मला हायसं वाटलं. तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. ती आत तापात होती आणि मला हायसं वाटलं. या आठवणीनं मला आजही दचकायला होतं, दिवसाढवळ्या, रस्त्यानं चालताना.

भाचीनं फोनवर विचारलं, "रिपोर्ट कोरा? मग ताप कशाचा आहे, मामा?"

मी म्हणालो, "तेच कळेना झालंय."

"मी गाडी पाठवते. नांदेडला आणा."

नांदेडच्या आयसीयूत भाचीला मी पहिल्यांदाच कामाच्या कपड्यांत बघितलं. ती आईला 'आई' म्हणत होती, पण हात दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे चालत होते. तिनं पट्टी काढली, नळीच्या मुळाशी निरखून बघितलं. रक्त दोन ठिकाणचं घेतलं, एक नळीतलं, एक हाताच्या शिरेतलं. मग मानेतली नळी काढून टाकली आणि डायलिसिससाठी मांडीच्या वर नवी घातली. काढलेली नळी मी पाहिली. वीतभर लांबीची, पारदर्शक, बाहेरून स्वच्छ. एवढ्याशा वस्तूची मला भीती वाटली नाही. तेव्हाही नाही.

डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या होत्या. त्यांनी मला समजावून सांगितलं. पाण्याच्या टाकीच्या पाइपात आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसा जंतूंचा थर या नळीच्या आत धरतो. औषध वरून वाहून जातं, थराच्या आत पोचत नाही. यंत्र सुरू झालं की रक्ताच्या धारेबरोबर ते जंतू सुटून अंगभर जातात, म्हणून थंडी नेमकी डायलिसिसच्या वेळी वाजते. "एक समजत नाही," त्या म्हणाल्या, "लातूरचा रिपोर्ट कोरा कसा आला?"

मी त्यांच्या टेबलावरच्या पेनाच्या टोपणाकडे बघत राहिलो. गोळ्यांचं तिथंही लपवलं.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. भाचीनं मला व्हरांड्यात बोलावलं. तिच्या हातात दोन पानं होती. डावीकडे औषधांची नावं, एकाखाली एक, आणि प्रत्येकासमोर एक अक्षर. आर म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत. एस म्हणजे देतात. ती बोट फिरवत हळू आवाजात वाचत होती. सिप्रोफ्लॉक्सासिन, आर. ऑफ्लॉक्सासिन, आर. सेफिक्झिम, आर. मला वाटलं, मी कुठंतरी बसून माझीच यादी ऐकतो आहे. ती नावं मला परकी नव्हतीच. माझ्या अक्षरांत, कागदाच्या पट्ट्यांवर, ती मी वर्षानुवर्षं लिहिली होती. पान उलटलं. पुढं अशी नावं आली जी मी कधी ऐकलेली नव्हती, ती फक्त दवाखान्यातच शिरेतून देतात. त्यांच्यासमोरही आर. आर. आर. अगदी खाली दोन ठिकाणी एस होतं.

"दोनच?" मी विचारलं.

"दोनच. त्यातलं एक अंगाला लई जड आहे."

माझे कान बंद झाल्यासारखे झाले. व्हरांड्यातून ट्रॉली जात होती, तिची चाकं फिरताना दिसत होती आणि आवाज येत नव्हता. मी भिंतीला धरून खाली बसलो. एका शिकलेल्या माणसाला औषधं संपतात ही गोष्ट ठाऊक असायला हवी होती. मला वाटायचं, माणूस मरतो तो औषध नसलेल्या आजारानं. औषध आहे, हातात आहे, आणि ते पाण्यासारखं निरुपयोगी आहे, हे मी कधी कल्पनेतही आणलं नव्हतं.

"मामा, उठा. लोक बघायलेत."

"मी दिल्या होत्या," मी म्हणालो. "गोळ्या. शुक्रवारपासून. येळवशीला जायचं होतं म्हणून. डॉक्टरला नाही म्हणालो."

ती माझ्यासमोर उकिडवी बसली. मला वाटलं ती ओरडेल. तिनं खिशातून पेन काढलं.

"कोणत्या?"

मी सांगितल्या.

"किती?"

मी सांगितलं. तिनं रिपोर्टच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं.

"मला दहावीच्या परीक्षेत ताप आला होता," ती म्हणाली, "तेव्हा तुम्हीच दिली होती. अन् दादाच्या कानाला. अन् आईला दर हिवाळ्यात." तिनं डोळे पुसले नाहीत, ते आपोआप वाहत होते. "तुमच्या एकट्याचं नाही, मामा. हेच जंतू आमच्या वॉर्डातपण हायत. एका पेशंटवरून दुसऱ्याकडे जाताना हात धुवायचे असतेत. आठ खाटा अन् आम्ही दोघी असलो की मी स्वतः कितीदा तसंच गेलेय. कुठून शिरले, कोण सांगणार?"

डॉक्टरीणबाईंनी तिचा कागद वाचला आणि माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हणाल्या, "हे मला चार दिवस आधी कळायला हवं होतं." मी विचारलं, कळलं असतं तर फरक पडला असता का. त्या म्हणाल्या की छातीठोक सांगता येत नाही. काही जंतू गोळ्यांनी मेले असतील, काही दबले असतील, म्हणून पहिल्या तपासणीत हाती लागले नसतील. जे सगळ्यांत चिवट होते त्यांना तेवढे दिवस मोकळं रान मिळालं. "असतील, नसतील," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला खोटा धीरही देणार नाही आणि खोटा दोषही."

नवं औषध सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. मला आत सोडलं. अक्काचे ओठ फुटले होते, पण डोळे ओळखीचे होते.

"पोरीला सांगितलास का?" तिनं विचारलं.

"हो."

"बरं केलास. मला वाटलं, मलाच सांगावं लागतंय." थोडा वेळ ती श्वास घेत राहिली. "तू लहानपणीबी असाच. चूक केलास की कपाटामागं जाऊन बसायचास. मीच वढून काढायची."

"अक्का, माझ्यामुळं..."

"माझंबी नाव घाल त्यात. तुला मागितलं कोण?" मग म्हणाली, "भज्जी यंदा बरी झालती. सुनेला जमायली आता."

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा रक्तदाब पडायला लागला. नळ्या, सुया, यंत्रं, सगळं वाढत गेलं. भाची आत होती. मला काचेतून नुसत्या पाठी दिसत होत्या. साडेतीनला भाची बाहेर आली आणि तिनं हातमोजे काढले, आधी एक, मग दुसरा, आणि नळाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. खूप वेळ धुतले. तेव्हाच मला कळलं.

गावी दहाव्यापर्यंत मी दाजींबरोबर राहिलो. लोक येत होते. प्रत्येकजण विचारत होता, झालं काय नेमकं, आणि दाजी सांगत होते, "किडनी." येणाऱ्याचं समाधान व्हायचं. तिसऱ्या दिवशी अंगणात आम्ही दोघेच असताना त्यांनी मला विचारलं, "किडनीचं यंत्र तर चालू व्हतं. मग गेली कशानं?"

मी सगळं सांगितलं. नळी, थर, भिंतीवरचा कागद, शुक्रवारची थंडी, गोळ्या, डॉक्टरचा प्रश्न, माझं उत्तर. दाजी चौथीपर्यंतही शिकलेले नाहीत. मी सोपे शब्द शोधत होतो आणि सोप्या शब्दांत ते आणखी भयंकर वाटत होतं. माझं सांगून झाल्यावर समोरच्या गोठ्यात गाय उठून उभी राहिली, ती पुन्हा बसेपर्यंत ते तिच्याकडे बघत होते.

"येळवशीला न्यायचं तीच म्हणली असंल," ते म्हणाले.

"हो."

"दाबून धर म्हणली असंल."

"हो."

"तिचं काय, ती म्हणणारच." ते उठले, धोतराची माती झटकली आणि गोठ्याकडे निघाले. चार पावलं गेल्यावर थांबले. माझ्याकडे वळले नाहीत.

"तुला वाचता येत व्हतं," दाजी म्हणाले.